डिझेल गाडीच्या इंजेक्टरचा तांब्याचा वॉशर घरी बदलता येईल का?

घाटमाथा
मंडळी, २०१२ ची रिट्झ डिझेल आहे. गेले काही आठवडे सकाळी थंड गाडी चालू केली की बॉनेटखालून 'चफ चफ चफ' असा आवाज येतो आणि रेस वाढवली की तो भरभर होतो. सिग्नलला उभं राहिलं आणि एसी बाहेरची हवा ओढत असेल तर आत धुराचा उग्र वास भरतो. मुलीला त्या वासाने मळमळतं, त्यामुळे हे लवकर निस्तरायचं आहे.

वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून पाहिलं. एका इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) बुडाशी डांबरासारखा काळा थर जमलाय, इतका कडक की नखाने निघत नाही. गॅरेजवाल्याने लांबूनच बघून चारही इंजेक्टर बदलायला सांगितले. त्याने दिलेला आकडा गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहिला तर पटत नाही. गाडी पिकअपला उत्तम आहे, धूर काढत नाही, ॲव्हरेजही पडलेलं नाही. मग इंजेक्टर खराब कसे? माझ्या मते इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय, बाकी काही नाही.

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड हे सगळं मी घरीच करतो. इंजेक्टरला मात्र अजून हात लावलेला नाही. कोणी घरी केलंय का? कुठे अडकायला होतं?

सोनचाफा
वाचतेय. आमच्या स्विफ्टलाही असाच वास येतो.

नटबोल्ट
घाटमाथा, लक्षणं सांगताय त्यावरून वॉशरच वाटतो. पण 'इंजेक्टर लीक आहे' या एका वाक्यात लोक तीन वेगळ्या गोष्टी कोंबतात, त्या आधी वेगळ्या करा.

सगळ्यात खाली, नोझल (इंजेक्टरचं फवारा मारणारं टोक) जिथे हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) बसतं तिथे तांब्याचा वॉशर असतो. सिलिंडरमधला स्फोटाचा दाब तो अडवतो, आणि हा दाब शंभर बारच्या वर जातो. तो वॉशर गेला की जळालेला गॅस वर फुसफुसत येतो. चफ चफ आवाज, धुराचा वास, काळं डांबर ही त्याचीच लक्षणं.

इंजेक्टरच्या डोक्यावर रिटर्नचा (उरलेलं डिझेल परत नेणारा) बारीक पाइप बसतो, त्याला रबरी ओ-रिंग असते. ती गेली तर आवाज नाही, डांबर नाही, नुसतं ओलं डिझेल दिसतं आणि कच्च्या डिझेलचा वास येतो. हे काम फारच सोपं, इंजेक्टर काढावाही लागत नाही.

तिसरी जागा म्हणजे रेलकडून (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीकडून) येणाऱ्या स्टीलच्या पाइपचा नट. तिथून पाझरत असेल तर गाडी चालवूच नका.

खात्री करायला साबणाचं पाणी करा, गाडी थंड असताना इंजेक्टरच्या बुडाशी सोडा आणि चालू करा. बुडबुडे जिथे फुटतील तो तुमचा सिलिंडर. चारही तपासा. डांबर वाहत शेजारच्या इंजेक्टरपर्यंत जातं आणि भलताच खोलला जातो.

ट्रॅक्टरवाला_सांगली
एवढं काय घाबरायचं त्यात. आम्ही शेतावर ट्रॅक्टरचे नोझल स्वतः काढतो. वॉशर चुलीत लाल करायचा, पाण्यात टाकायचा, मऊ पडतो, परत बसवायचा. हवा धरली की इंजेक्टरवरचा नट सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की आवळायचा. झालं काम.

मीरा_नाशिक
ट्रॅक्टरवाला दादा, ट्रॅक्टरसाठी तुमचं बरोबर आहे, पण कृपया ही नट सैल करायची युक्ती रिट्झवर नको.

जुन्या मेकॅनिकल पंपात नोझल साधारण दोनशे बारच्या आसपास उघडतं, आणि पंप ढकलेल तेवढ्याच क्षणापुरता दाब असतो. रिट्झचं इंजिन कॉमन रेलचं. तिथे रेलमध्ये दाब सतत साठवलेला असतो, नुसत्या आयडलला अडीच-तीनशे बार आणि पूर्ण जोर लावला की चौदाशेच्या घरात. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. अशा इंजिनचा नट चालू गाडीवर सैल करायचा नसतो, कधीच नाही.

बाबांची उभी नोकरी नोझलच्या कामात गेली. बॉश कंपनीला आमच्याकडे नाशिकला अजून सगळे मायकोच म्हणतात, चौकाचं नावही मायको सर्कल आहे. बाबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: डिझेलच्या कामात पान्यापेक्षा फडकं महत्त्वाचं. नोझलची भोकं केसापेक्षा जेमतेम जाड असतात. पाइप उघडल्यावर धुळीचा एक कण आत गेला तर चांगला इंजेक्टर खरंच बाद होतो. म्हणून पाइप सुटला की त्याच मिनिटाला दोन्ही तोंडांवर स्वच्छ टोपी हवी. मेडिकलमधले नवे हातमोजे आणा, त्यांची बोटं कापून घट्ट बांधली तरी चालतं. सुती चिंधी मात्र आत कोंबू नका, तिचे धागे सुटतात.

डॉ_आनंदी
मी गाड्यांमधली नाही, पण मीरांच्या मुद्द्यावर थांबून लिहिते, कारण अशा जखमेचा रुग्ण मी पाहिला आहे.

उच्च दाबाचं डिझेल कातडीतून आरपार घुसतं. हातमोजा ते अडवत नाही. बाहेर दिसतो फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्तही नाही आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस हात धुऊन कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटाच्या नसा आणि स्नायूंच्या कडेने पसरत जातं आणि काही तासांत बोट सुजून टणक होतं. वेळ गेला तर बोट काढायची पाळी येते.

असं झालं तर ठिपका कितीही लहान असो, लगेच मोठ्या रुग्णालयात जा, जिथे हाताची शस्त्रक्रिया होते तिथे. 'उच्च दाबाचं डिझेल हातात घुसलंय' हे शब्द स्वतः सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि मलमपट्टीवर परत येऊ नका. आणि गळती कुठे आहे हे बोट फिरवून कधीच शोधू नका, पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरा.

ट्रॅक्टरवाला_सांगली
ताई, हे माहीत नव्हतं. गावात सगळीच पोरं बोटाने चाचपतात. आमच्या ग्रुपवर टाकतो तुमचा प्रतिसाद.

डॉ_आनंदी
जरूर टाका.

उद्यमनगर
वॉशर लाल करायच्या मुद्द्यावर. भावा, तांबं तापवून मऊ होतं हे शंभर टक्के खरं. पण एकदा दाबला गेलेला वॉशर पातळ झालेला असतो, तो तापवून जाड होत नाही. पातळ वॉशर म्हणजे नोझल सिलिंडरमध्ये तेवढं जास्त खाली. फवाऱ्याची धार पिस्टनच्या वाटीत जिथे पडायला पाहिजे तिथे पडत नाही. जुन्या ट्रॅक्टरला चालून जातं, हितं नाही.

त्याच कारणाने दोन वॉशर एकावर एक घालायचे नाहीत. आमच्याकडं लेथवर लोक येतात, 'जरा जाड वॉशर काढून द्या, लीक थांबंल'. मी देत नाही. गाडीच्या नंबरावर जो येतो तोच घ्यायचा आणि काउंटरवरच व्हर्निअर लावून जाडी बघून घ्यायची. दिसायला सारखे, पण जाडी वेगळी, असे वॉशर दुकानात एकाच डब्यात पडलेले असतात.

आणि मुख्य काम वॉशर बदलायचं नाहीच, सीट, म्हणजे हेडमधली वॉशर बसायची जागा, साफ करायचं आहे. जुन्या डांबरावर नवा वॉशर बसवला तर महिनाभरात पुन्हा चफ चफ. गॅरेजवाले इथेच घाई करतात.

पांढरा_झेंडा
मला हे घरी करणं पटत नाही. काम सोपं वाटतं, पण खरी अडचण इंजेक्टर न निघण्याची आहे. डांबराने तो हेडमध्ये सिमेंटसारखा धरून बसतो. पक्कड लावून वरचं डोकं फिरवलं की सोलेनॉइड (इंजेक्टर उघडणारा विजेवरचा भाग) तुटतो, मग इंजेक्टर गेला. इंजेक्टर आवळणारा बोल्ट हेडमध्ये तुटला तर काम आणखी वाढतं. डिझेल लॅबकडे (इंजेक्टर-पंपाचंच काम करणाऱ्यांकडे) न्या, त्यांच्याकडे ओढायची साधनं असतात. फक्त एक इंजेक्टर काढून वॉशर बदलायला सांगा, चार नाही.

लेस्टरकर
पांढरा झेंडा यांची भीती रास्त आहे, पण म्हणून सोडून द्यावं असं नाही. माझ्याकडे व्हॉक्सहॉल कोर्सा १.३ डिझेल होती. तिचं इंजिन आणि रिट्झचं इंजिन मुळात एकच, फियाटचं मल्टिजेट. इकडे या डांबराला लोक 'ब्लॅक डेथ' म्हणतात, मर्सिडीजवाल्यांनी हे नाव गाजवलं. मजुरी इतकी महाग की बरेच जण घरासमोरच करतात.

मी काय केलं ते सांगतो. आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल इंजेक्टरभोवती सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी पुन्हा सोडलं. मग गाडी थोडी फिरवून आणली, इंजिन कोमट असताना डांबर मऊ असतं. नंतर क्लॅम्प (इंजेक्टर हेडला दाबून धरणारी पट्टी) काढून, इंजेक्टरच्या खालच्या स्टीलच्या षटकोनावर पाना लावून किंचित इकडे, किंचित तिकडे. ताकद नाही, नुसतं हलवत राहायचं. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग एका क्षणी 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि पान्याखाली केसभर हालचाल जाणवते. तिथून पुढे तो सुटतोच. स्लाइड हॅमर (अडकलेला भाग ठोके देऊन ओढायचं साधन) भाड्याने आणला होता, लागला नाही.

ब्रेक क्लीनर, कार्ब क्लीनर गरम इंजिनवर मारू नका, पेट घेतो. तो थंड इंजिनवरच.

शिरूरकर
अवांतर: हे मल्टिजेट आमच्या रांजणगावातही बनायचं, फियाट-टाटाच्या कारखान्यात. पुंटो, लिनिया, व्हिस्टा क्वाड्राजेट सगळ्यांत तेच. मारुतीचं मानेसरला बनत होतं. १२४८ सीसी एवढंसं इंजिन, पण एकेकाळी अर्धा देश त्यावर धावला. कॉमन रेल पहिल्यांदा प्रवासी गाडीत आणली तीही फियाटच्याच घरात, १९९७ ची अल्फा रोमिओ १५६. मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

सोनचाफा
शिरूरकर, +१. माझी स्विफ्ट विकायला सगळे सांगतात, मी नाही विकणार.

घाटमाथा
माझ्या रिट्झची पंधरा वर्षं २०२७ ला भरतील. फेरनोंदणी करून पुढची पाच वर्षं ठेवायचा विचार आहे, म्हणून तर ही धडपड.

काल साबणाचं पाणी केलं. तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी मोठमोठे बुडबुडे, इंजिनच्या प्रत्येक ठोक्याला एक. बाकी तिन्ही कोरडे. पहिल्याच्या रिटर्न पाइपपाशी थोडं ओलं आहे, पण ते वेगळं दिसतंय. नटबोल्ट, तुमच्या तीन जागांमुळे हे लक्षात आलं. पांढरा झेंडा, तुमचा सल्लाही मनात धरलाय. रविवारी हलवून बघतो. हाताने सुटला नाही तर जोर न लावता क्लॅम्प, पाइप पुन्हा आवळून लॅबकडे.

पांढरा_झेंडा
हे ठरवून उतरणार असाल तर माझी हरकत नाही. क्लॅम्पचा बोल्ट नवा आणून ठेवा. या बोल्टांना ताण देऊन आवळलेलं असतं, जुना पुन्हा वापरू नये.

नटबोल्ट
मग क्रम लिहितो, उपयोगी पडेल.

किल्ली काढून गाडी पूर्ण थंड होऊ द्या. स्कॅनर असेल तर रेलचा दाब शून्याला आलाय का बघा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. खोलण्याआधी आजूबाजूची जागा इतकी स्वच्छ करा की पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहील. पाइपचा नट सोडताना इंजेक्टरच्या अंगचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर आतली जोडणीच फिरते. नटाभोवती कापड गुंडाळून हळू सोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच.

इंजेक्टर निघाला की वॉशर त्याच्याबरोबर आला का पाहा. बरेचदा तो खालीच राहतो. वाकवलेल्या तारेने काढा. तो राहिला आणि वर नवा घातला तर उद्यमनगर सांगताहेत तेच, दोन वॉशर.

सीट घासण्याआधी मधल्या लहान भोकात ग्रीस लावलेला कापडाचा घट्ट बोळा बसवा, आत पडेल असा नको, ओढून काढायला शेपूट ठेवा. नाहीतर खरवडलेलं कार्बन सरळ पिस्टनवर. सीट कटर हाताने फिरवायचा, ड्रिलला लावायचा नाही. धातू कापायचा नाहीये, फक्त कार्बन. टॉर्च मारली की चारी बाजूंनी अखंड चकचकीत कडं दिसलं पाहिजे. मग व्हॅक्युमने ओढून घ्या आणि शेवटी बोळा काढा.

नोझलच्या टोकाला तारेचा ब्रश अजिबात लावू नका. दुसरं म्हणजे इंजेक्टर ज्या सिलिंडरचा त्याच सिलिंडरमध्ये. प्रत्येकावर कोड असतो आणि ईसीयूमध्ये (इंजिनच्या संगणकात) तो त्या सिलिंडरच्या नावाने नोंदलेला असतो. जागा बदलली तर स्कॅनरने पुन्हा भरावा लागतो.

बसवताना क्लॅम्प आधी हातानेच, मग पाइपचा नट बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे. सहज फिरत असेल तरच क्लॅम्प टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि शेवटी पाइप. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, व्हॉट्सॲपवरचा नको. स्टीलचा पाइप एकदा सुटला की नवा लावावा असं कंपन्या सांगतात, निदान त्याचं टोक निरखून पाहा.

मीरा_नाशिक
एक भर: कॉपर ग्रीस किंवा सिरॅमिक ग्रीस लावायचं असेल तर इंजेक्टरच्या वरच्या अंगाला, अगदी पातळ. वॉशर आणि सीट कोरडी ठेवा. वॉशर खाली पडू नये म्हणून साध्या ग्रीसचा ठिपका पुरतो.

चालू करताना एका दमात स्टार्टर दाबून धरू नका. फिल्टरवर हातपंप असेल तर आधी तो कडक होईपर्यंत मारा. मग दहा सेकंद स्टार्टर, मध्ये थांबा, पुन्हा. कॉमन रेल स्वतः हवा काढते.

इनोव्हाप्रेमी
इनोव्हावाल्यांनी हा धागा नीट वाचावा. जुन्या २.५ डीफोरडी डिझेल इंजिनमध्ये इंजेक्टरचं बूड व्हॉल्व्ह कव्हरच्या आत आहे. वॉशर लीक झाला तर चफ आवाज किंवा डांबर बाहेर दिसतच नाही, गॅस थेट ऑइलमध्ये जातो. ऑइल दाट काळं होतं, कार्बन तळाच्या ऑइल चेंबरमधल्या जाळीवर साठतं आणि ऑइलचा दाब पडतो. त्यात इंजिन जातं. ऑइल फिलरच्या झाकणातून जास्त फुसफुस येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

सोनचाफा
बापरे. दादांची इनोव्हा आहे, आजच सांगते.

घाटमाथा
झालं काम!

शनिवारी रात्री तेल सोडून ठेवलं होतं. लेस्टरकर, तो 'टक्' आवाज अगदी तुम्ही लिहिला तसाच आला. वॉशर खालीच राहिला होता, सायकलच्या तारेचा आकडा करून काढला. हातात घेतल्यावर दिसलं की कडेला एका ठिकाणी नखाएवढा भाग काळा पडून झिजलाय, वॉशरच्या आतून बाहेरपर्यंत बारीक नाली पडलीय. बाकीचा वॉशर तांबूस चकचकीत. गॅस तेवढ्याच वाटेने येत होता.

सर्वात जास्त वेळ सीट साफ करण्यात गेला. उद्यमनगर, तुमचं वाक्य डोक्यात ठेवून पुन्हा पुन्हा टॉर्च मारून बघत राहिलो, कडं पूर्ण दिसल्यावरच थांबलो. वॉशर दुकानातच मोजून घेतला होता. पहिला दिला तो पातळ निघाला, दुसरा बरोबर होता.

चालू झाल्यावर इंजिन थोडा वेळ अडखळलं, मग सरळ झालं. साबणाचं पाणी पुन्हा टाकलं, एकही बुडबुडा नाही. मुलीला घेऊन खंबाटकीपर्यंत जाऊन आलो, काचा बंद, वास नाही. इंजेक्टर एकही बदलला नाही.

उद्यमनगर
लई भारी! त्या झिजलेल्या वॉशरचा फोटो टाका. गिऱ्हाइकाला दाखवायला मला पाहिजे.

ट्रॅक्टरवाला_सांगली
अभिनंदन भाऊ. पुढच्या खेपेला मीबी नवाच वॉशर घेणार.

नटबोल्ट
छान. आठवडाभराने थंड इंजिनवर परत साबणाचं पाणी टाकून बघा. बोल्ट मात्र 'अजून थोडा' म्हणून आवळू नका. आणि पहिल्या इंजेक्टरच्या ओल्या रिटर्नचं काय?

घाटमाथा
ओ-रिंग आणून ठेवलीय, बुधवारी सुट्टी आहे तेव्हा बदलतो. फोटो रात्री टाकतो.

स्कॉर्पिओ_लातूर
माझ्या स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनला आवाज येतो पण डांबर कुठेच नाही. हेच असेल का?

नटबोल्ट
आधी साबणाचं पाणी करा आणि टर्बोचे होसही बघा, तिथूनही असाच आवाज येतो. बुडबुडे दिसले तर वेगळा धागा काढा, तुमच्या इंजिनची मांडणी वेगळी आहे.